टेनिस सोडून पिकलबॉल: पैसा, करार आणि रोजचं आयुष्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यात टेनिस शिकवतो. आमच्या दोन कोर्टांपैकी एकावर आता पिवळ्या टेपने पिकलबॉलच्या रेषा मारल्या आहेत, आणि तेव्हापासून फोनवर तेच ते प्रश्न येतात: पालकांचे, रँकिंगच्या मागे धावून थकलेल्या मुलांचे, कधी माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच इथे मांडतोय. आकडे २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पिकलबॉल म्हणजे नक्की काय? छोटं टेनिसच ना?

छोटं टेनिस म्हणून उतरलात तर पहिल्या दिवशी हराल (प्रश्न ६ पाहा). हा खेळ १९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्मला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम या तिघांनी घरच्यांच्या करमणुकीसाठी तो जमवला. कोर्ट ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीएवढं. जाळं मध्यभागी ३४ इंच. चेंडू भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकचा, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. टेनिसचा चेंडू याच्या दुप्पट भरतो. सर्व्हिस खालून करायची. जाळ्यापासून दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. तिथे उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी हवेतच फटका, मारता येत नाही. गेम ११ गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा, आणि पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळतो.

आजूबाजूच्या मोकळ्या जागेसकट एका टेनिस कोर्टात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात. चार कोर्टं म्हणजे एका वेळी दोन किंवा चारांऐवजी सोळा माणसं. क्लबवाले या खेळाच्या प्रेमात का पडले, हे यावरून कळावं.

२. टेनिसमधून खरंच कोण कोण गेलं? की नुसत्या बातम्या?

खरंच गेले. सर्वांत मोठं नाव जॅक सॉक. २०१७ मध्ये तो एकेरीत जगात आठवा होता, विम्बल्डन दुहेरी दोनदा जिंकला, रिओ ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि पुरुष दुहेरीचं कांस्य त्याच्याकडे आहे. मे २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या पीपीए (अमेरिकेतला व्यावसायिक पिकलबॉल दौरा, प्रश्न ४) स्पर्धेत तो ॲना ली वॉटर्सबरोबर (प्रश्न ५) मिश्र दुहेरीत उतरला आणि पहिल्याच खेपेला जिंकला. त्याच वर्षी अमेरिकन ओपननंतर त्याने टेनिस थांबवलं. सॅम क्वेरी (२०१७ चा विम्बल्डन उपांत्य फेरीवाला) २०२२ मध्ये निवृत्त होऊन इकडे आला. युजिनी बुशार्ड, २०१४ ची विम्बल्डन उपविजेती, २०२४ पासून पीपीएत. डोनाल्ड यंगने २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये टेलर टाउनसेंडबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी खेळून टेनिसला रामराम ठोकला आणि पॅडल, म्हणजे पिकलबॉलची फळी, हातात घेतलं.

आपल्याला जवळचं उदाहरण व्हिएतनामचं आहे. २०१५ साली आपल्या सुमित नागलने विम्बल्डनची मुलांची दुहेरी जिंकली, तेव्हा त्याचा जोडीदार होता ली होआंग नाम. तो पुढे व्हिएतनामचा अव्वल टेनिसपटू झाला, आणि २०२४ मध्ये पिकलबॉलकडे वळला. एकच करंडक उचललेले दोन मुलगे, आज दोन वेगळ्या कोर्टांवर.

आंद्रे आगासी, स्टेफी ग्राफ, अँडी रॉडिक, जॉन मॅकेन्रो यांना या यादीत धरू नका. त्यांचे 'पिकलबॉल स्लॅम'सारखे सामने हे प्रदर्शनी सामने आहेत. एप्रिल २०२३ च्या पहिल्या सामन्याची रक्कम १० लाख डॉलर होती. ती नावाची किंमत होती, त्याला पिकलबॉलमधली मिळकत म्हणता येणार नाही.

३. टेनिसमध्ये तर कोट्यवधी रुपये आहेत. मग कोणी का सोडेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

२०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ५० लाख डॉलर मिळाले आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख १० हजार. टीव्हीवर दिसतं ते एवढंच. पण मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेऱ्यांत, १२८ जण असतात आणि दारात हजारो. त्या हजारोंचा आठवडा एम१५ दर्जाच्या, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या स्पर्धेत जातो. १५ म्हणजे अख्ख्या स्पर्धेची बक्षीसरक्कम १५ हजार डॉलर. त्यात एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. म्हणजे साधारण १३-१४ हजार रुपये, त्यातूनही कर कापून.

आमचा एक मुलगा अशा स्पर्धेहून आला की मी त्याला वहीत खर्च लिहायला लावायचो. रेल्वेचं तिकीट, पाच रात्रींचं हॉटेल, गटिंग (रॅकेटला नव्या तारा) तीन वेळा, ग्रिप, जेवण, एकदा फिजिओ. पात्रता फेरीचे दोन सामने जिंकून मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरला त्या आठवड्याचा हिशेब त्याने लाल पेनने मांडला होता, आणि खाली वडिलांची सही घेतली होती. का, विचारलं तर म्हणाला, "सर, पैसे त्यांचेच आहेत ना." ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

ही एकट्या भारताची रड नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचे आकडे तपासले, तेव्हा प्रशिक्षकाचा खर्च न धरताही एका पुरुष खेळाडूला वर्षाला सरासरी ३८,८०० डॉलर लागत होते. जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत जागतिक क्रमांक ३३६ वर होत होती, महिलांत २५३ वर. प्रशिक्षक सोबत नेला की हा आकडा आणखी वर सरकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा एक नंबरचा टेनिसपटू असलेल्या सुमित नागलने सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरो उरले आहेत. चार महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. टेनिसचं हे असं आहे: कोरडं तर कोरडं, नाहीतर ढगफुटी.

२०२४ पासून एटीपीने (पुरुषांचा टेनिस दौरा चालवणारी संघटना) किमान उत्पन्नाची योजना आणली. त्या वर्षी पहिल्या शंभरातल्यांना ३ लाख डॉलरची हमी होती, १०१ ते १७५ मधल्यांना दीड लाख, १७६ ते २५० मधल्यांना ७५ हजार. कमाई कमी पडली तर फरक एटीपी भरते. चांगलीच गोष्ट. पण तुमचा मुलगा ६४० व्या क्रमांकावर असेल तर ही योजना त्याच्यासाठी नाही.

तेव्हा खरी तुलना टेनिसच्या विजेत्याशी करू नका. तुलना करायची ती टेनिसमधल्या ३०० व्या माणसाशी आणि पिकलबॉलमधल्या ३० व्या माणसाशी. पहिल्याने प्रशिक्षक सोबत नेला की तो खिशातून भरून खेळतो. दुसऱ्याला खेळण्याचं मानधन मिळतं. फक्त त्या दुसऱ्या शिडीला पायऱ्या फार थोड्या आहेत.

४. पिकलबॉलमध्ये पैसा येतो तरी कुठून?

मुख्य ओघ हमीच्या करारांचा आहे. अमेरिकेत पीपीए हा दौरा आणि मेजर लीग पिकलबॉल ही सांघिक लीग. पीपीएमागे टॉम डंडन हे उद्योगपती. लीग २०२१ मध्ये स्टीव्ह कून यांनी सुरू केली आणि लेब्रॉन जेम्स, टॉम ब्रेडी, केविन ड्युरंट यांच्यासारख्यांनी त्यात पैसे घातले. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या दोघांत खेळाडू पळवण्याची स्पर्धा लागली. लिलावात बोली चढावी तसे करारांचे आकडे चढले. मग दोघांनाही घाम फुटला, विलीनीकरण ठरलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खेळाडूंना सांगण्यात आलं की कराराची मुदत वाढवून देतो, पण रक्कम सुमारे ४० टक्के कमी घ्या. आज दोन्ही स्पर्धा युनायटेड पिकलबॉल असोसिएशन या एकाच छत्राखाली आहेत.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'हमी' हा शब्द ऐकून आपल्याकडे लोकांना सरकारी नोकरी आठवते. ही हमी गुंतवणूकदाराच्या खिशावर उभी आहे. टेनिसच्या ग्रँड स्लॅममागे शंभर वर्षांचं तिकिटांचं आणि कित्येक दशकांचं टीव्हीचं उत्पन्न आहे, तसं इथे अजून नाही.

बाकीचे स्रोत: स्पर्धेची बक्षीसरक्कम, पॅडल कंपन्यांचे करार, कपडे आणि बूट, आणि शिबिरं. शिबिरांना कमी लेखू नका. अमेरिकेत २०२४ मध्ये जवळपास २ कोटी लोक पिकलबॉल खेळले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना व्यावसायिक खेळाडूकडून दोन तास शिकायला पैसे मोजायची तयारी आहे. टेनिसच्या दोनशेव्या खेळाडूला हे गिऱ्हाईक कधी मिळालं नाही.

५. सगळ्यात जास्त कोण कमावतं? माजी टेनिसपटूच असणार.

नाही, आणि इथेच लोक चकतात. सर्वांत वरचं नाव ॲना ली वॉटर्सचं. जन्म २००७ चा, बाराव्या वर्षी आईबरोबर व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली. तिची वर्षाची कमाई ३० लाख डॉलरच्या पुढे असल्याच्या बातम्या आल्या. पुरुषांत बेन जॉन्स. त्याची २०२३ ची अपेक्षित कमाई २५ लाख डॉलर सांगितली जात होती. या दोघांपैकी एकानेही टेनिसचा व्यावसायिक दौरा केलेला नाही. जॉन्स तर टेबल टेनिसही खेळायचा, आणि जाळ्यापाशी त्याच्या मनगटाकडे बघितलं की ते लगेच लक्षात येतं.

दुसरी गोष्ट: टेनिसमधून येऊन इथे टिकलेल्यांत मोठा गट अमेरिकन कॉलेज टेनिसवाल्यांचा आहे. कॅनडाची कॅथरिन पॅरेंटो, अर्जेंटिनाचा फेडेरिको स्टाक्सरूड, ख्रिश्चन अल्शन. पहिल्या दहातून येणारे सॉकसारखे अपवाद. लवकर आलेल्यांना, भूक असलेल्यांना आणि टेनिसमध्ये फार काही गमावायचं नसलेल्यांना हा खेळ फळला.

आणि काही टेनिसवाल्या तर न खेळताच यात आल्या. किम क्लाइस्टर्स, नाओमी ओसाका यांनी लीगमधल्या संघांत पैसे गुंतवले. गुडघ्यांचा विचार करता तेच शहाणपणाचं.

६. टेनिसपटूला पिकलबॉल सोपं जातं का? किती दिवसांत जमतं?

एकेरी लवकर जमते. पाय तयार असतात, ड्राइव्ह दमदार असतो, पासिंग शॉट हाताशी असतो. दुहेरीत मात्र टेनिसपटूची जिरते.

आमच्याकडे राज्य मानांकनातला एक मुलगा पहिल्यांदा पिकलबॉल खेळायला आला. समोर बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आणि त्यांच्या सोसायटीतले एक काका. मुलाने पहिला ड्राइव्ह असा मारला की शेजारच्या कोर्टावरचे वळून बघू लागले. काकूंनी पॅडल नुसतं पुढे धरलं. मनगट सैल, पकड ढिली. चेंडू पॅडलवर निजल्यासारखा झाला आणि जाळं ओलांडून किचनमध्ये पडला. मुलगा धावला, कसाबसा उचलला, उंच आला. काकांनी तो त्याच्या पायात मारला. पुढच्या खेपेला तो आधीच पुढे आला आणि हवेतच ठोकला. "किचन!" काकू ओरडल्या. त्याच्या डाव्या बुटाचं टोक रेषेवर होतं. ११-३.

अडचण कुठे येते ते त्या तीन फटक्यांत आलं. टेनिसचा स्विंग लांब असतो, इथे तेवढा वेळ नसतो. जाळ्याशी चौघं चौदा-पंधरा फुटांवर समोरासमोर उभी असतात. टॉपस्पिनने चेंडू टेनिससारखा उसळत नाही. जोर लावण्यापेक्षा काढून घेण्याची सवय लावावी लागते. डिंक (किचनजवळून समोरच्या किचनमध्ये हळूच टाकलेला चेंडू) आणि तिसऱ्या फटक्याचा ड्रॉप (मागून मारून किचनमध्ये अलगद उतरवलेला चेंडू) हे दोन फटके टेनिसमध्ये जवळजवळ नाहीतच. मी तरी सांगतो की चांगल्या टेनिसपटूला स्थानिक खुल्या गटात उभं राहायला तीन-चार महिने लागतात. जाळ्यापाशी हात चालणाऱ्या दुहेरीच्या खेळाडूला त्याहून कमी, बेसलाइनवरच वाढलेल्याला जास्त. आपला दर्जा डुपरवर बघा. हे २ ते ८ अशा आकड्यांचं मानांकन आहे आणि ते कुणाचा मुलगा, कुठली अकादमी हे बघत नाही.

७. दौऱ्यावरचं रोजचं आयुष्य कसं असतं?

टेनिसमध्ये सोमवारी हरलात की मंगळवारी पुढच्या गावाचं तिकीट शोधायचं. देश बदलतो, चलन बदलतं, बरोबर बहुतेक वेळा कोणी नसतं. पीपीएत बराचसा दौरा अमेरिकेतच फिरतो, आणि एकाच आठवड्यात एकच खेळाडू एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी खेळतो. तिन्ही जिंकलं तर ट्रिपल क्राउन. एकेरीत पहिल्या फेरीत गेलात तरी आठवडा वाया जात नाही, आणि एका प्रवासखर्चात तीन ठिकाणी कमावण्याची संधी मिळते. मला विचाराल तर मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी पैशाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

जोडीदार मात्र रोजची डोकेदुखी. दुहेरीत तुमची कमाई दुसऱ्याच्या खांद्याला बांधलेली असते, आणि चांगला जोडीदार तुम्हाला सोडून जाणार हे तुम्हाला त्याने सांगण्याआधी इन्स्टाग्रामवरून कळतं. सांघिक लीगमध्ये दोन पुरुष, दोन महिला असा संघ. तिथे ड्राफ्ट (संघांनी खेळाडू निवडणं) आहे, अदलाबदल आहे. एकट्याने वाढलेल्या टेनिसपटूंना ते एक तर फार आवडतं, नाहीतर अजिबात झेपत नाही.

आणखी एक फरक. पीपीएच्या स्पर्धेत शेजारच्या कोर्टांवर हौशी खेळाडू प्रवेश शुल्क भरून खेळत असतात. सामना संपवून बाहेर आलात की त्यातले चौघं पॅडलवर सही मागतात, पाचवा स्वतःचा बॅकहँड दाखवतो. हे हसत करावं लागतं. विम्बल्डनच्या लॉकर रूममधून आलेल्याला सुरुवातीला जड जात असेल.

८. शरीराला आराम मिळतो, असं म्हणतात. खरं का?

खांद्याला मिळतो. डोक्यावरून सर्व्हिस नाही म्हटल्यावर रोटेटर कफवरचा भार बराच कमी होतो. पोटरी, घोट्यामागची शीर, कंबर यांना मात्र मिळत नाही, कारण सगळा खेळ वाकून आणि झटक्यात. आणि डोळे! दुहेरी खेळताना संरक्षक चष्मा घाला. माझ्या कोर्टावर चष्म्याशिवाय मुलांना जाळ्यापाशी उभं करत नाही, पालकांनी कितीही कटकट केली तरी.

९. हे सगळं अमेरिकेचं झालं. भारतात खेळून पोट भरतं का?

फक्त बक्षिसांवर? फार थोड्यांचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात हा खेळ आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. १९९९ मध्ये कॅनडात त्यांनी तो पाहिला, पुढे पॅडल आणि चेंडू घेऊन आले, आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी राहिली. तेव्हा हे लोक शाळांच्या बॅडमिंटन हॉलमध्ये खडूने रेषा आखायचे. त्यामुळे मुंबईत, महाराष्ट्रात या खेळाची मुळं दिल्ली-बंगळूरुपेक्षा जुनी आहेत.

मोठा पैसा आला तो लीगमधून. वर्ल्ड पिकलबॉल लीग गौरव नाटेकर यांनी पत्नी आरती पोनप्पा नाटेकर यांच्याबरोबर सुरू केली. गौरव म्हणजे बॅडमिंटनच्या नंदू नाटेकरांचे चिरंजीव, डेव्हिस कपपटू, १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण. टेनिसमधून पिकलबॉलमध्ये गेलेल्या मराठी माणसांत सर्वांत मोठी झेप त्यांचीच, फक्त ती खेळाडू म्हणून नाही. पहिला हंगाम २४ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५ मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) झाला. सहा संघ; रितेश आणि जिनिलिया देशमुख यांचा पुणे युनायटेड अंतिम फेरीत बेंगळूरु जवान्सकडून हरला. मी दोन संध्याकाळी जाऊन बघून आलो. रोषणाई आयपीएलची, प्रेक्षक जिमखान्याचे.

पण लीग म्हणजे वर्षातले दहा-पंधरा दिवस. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत आपल्याकडच्या चांगल्या खेळाडूचं घर चालतं ते शिकवण्यावर. सकाळी सहा ते नऊ सोसायटीतले गट, संध्याकाळी कॉर्पोरेट मंडळी, शनिवार-रविवार स्पर्धा. इथे टेनिसपटूला खरोखर वरचढपणा आहे: फटका कसा शिकवायचा हे त्याला माहीत असतं. पुण्या-मुंबईत आज कोर्टं जास्त आणि नीट शिकवणारे कमी अशी गत आहे. ही गत कायम राहणार नाही, तेव्हा घाई करायची असेल तर इथे करा.

स्थानिक स्पर्धांबद्दल एक सावधगिरी. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एका स्पर्धेत दुहेरी जिंकली. व्यासपीठावर पुठ्ठ्याचा भलामोठा चेक मिळाला, फोटो झाले. पैसे खात्यात यायला चार महिने आणि माझे अकरा फोन लागले. पुठ्ठ्याचा चेक बँक घेत नाही. प्रवेश शुल्क भरण्याआधी मागच्या वर्षीच्या विजेत्यांना फोन करून विचारा.

१०. प्रमाणपत्रावर क्रीडा कोट्यातून नोकरी, दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात का?

प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं आहे, यावर सगळं अडतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती इंडियन पिकलबॉल असोसिएशनला. जुनी अखिल भारतीय संघटना (प्रश्न ९) याविरुद्ध न्यायालयात गेली. म्हणजे नावं सारखी वाटणाऱ्या दोन संघटना आणि दोन वेगळी प्रमाणपत्रं. राज्याच्या सवलतींसाठी शासन निर्णयातली खेळांची यादी आणि स्पर्धेचा स्तर दोन्ही जुळावं लागतं, तेव्हा स्पर्धा खेळण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन यादी डोळ्यांनी बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीवर विसंबू नका. आणि पिकलबॉल ऑलिंपिकमध्ये नाही, २०२८ च्या लॉस एंजलिसमध्येही नाही.

११. सर, मी १९ वर्षांची आहे. अमेरिकन कॉलेजची टेनिस शिष्यवृत्ती मिळू शकते असं एजंट म्हणतो. ती सोडून आत्ताच पिकलबॉलमध्ये जाऊ का?

नको. हे एकच उत्तर मी न अडखळता देतो.

शिष्यवृत्ती टेनिसवर मिळते. पिकलबॉल हा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेचा, खेळ नाही. तिथे गेलीस तर पदवी मिळेल, दर आठवड्याला कसून सामने मिळतील, आणि आज पीपीएत खेळणारे बरेच जण नेमके त्याच रस्त्याने आले आहेत (प्रश्न ५). सुट्टीच्या दिवशी तिकडेच पिकलबॉल खेळ. मात्र कुठल्याही स्पर्धेचं बक्षीस किंवा कंपनीचे पैसे घेण्याआधी कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला लेखी विचार, आणि उत्तर जपून ठेव. विद्यार्थी व्हिसावर मिळकत हा वेगळाच काटा आहे. एजंटला फी देण्याआधी प्रशिक्षकाशी थेट बोल. आई-बाबांनाही त्या कॉलवर बसव.

१२. दोन्ही खेळ एकदम खेळता येतील का?

काही काळ येतात. बुशार्ड २०२४ मध्ये पीपीएत गेली तरी टेनिस अधूनमधून खेळत होती, आणि तिने शेवटचा टेनिस सामना जुलै २०२५ मध्ये माँट्रियलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर खेळला. पण तिला नावावर प्रवेशिका मिळायच्या. रँकिंगवर जगणाऱ्याचं टेनिस दोन महिन्यांत गंजतं, आणि जुने गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. शिवाय मनगट गोंधळतं: पिकलबॉलचा आखूड स्विंग घेऊन टेनिसला गेलात की चेंडू उशिरा लागतो. आमच्या मुलांना मी आठवडे वाटून देतो, एकाच दिवशी दोन्ही नाही.

१३. जमलं नाही तर टेनिसमध्ये परत येता येतं?

दार बंद नसतं, पण कडी असते. डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असलेल्या खेळाडूने अधिकृत निवृत्ती घेतली, तर परतण्याआधी सहा महिन्यांची पूर्वसूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. म्हणून खात्री होईपर्यंत निवृत्तीच्या कागदावर सही करू नका. स्पर्धा खेळणं थांबवा, एवढंच. तुम्ही त्या यादीत नसाल (आपल्याकडचे बहुतेक नसतात) तर अडथळा फक्त शून्यावर आलेल्या रँकिंगचा.

१४. अमेरिकेत जाऊन पीपीएची पात्रता फेरी खेळायची आहे. व्हिसा आणि कराचं काय?

फक्त बक्षीसरक्कम मिळणार असेल, पगार किंवा मानधन नसेल, तर खेळाडूला बी-१ व्हिसावर स्पर्धा खेळता येते. करार मिळाला की पी-१ लागतो, आणि त्यासाठी तिकडच्या संस्थेने अर्ज करावा लागतो. अनिवासी खेळाडूच्या कमाईतून तिथे साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. भारतात विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय घेता येतं, पण कागद हवेत: कर कापल्याचा फॉर्म आयोजकाकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. वर्षअखेरीस ईमेलला कोणी उत्तर देत नाही.

१५. कंपनीने पॅडलचा करार पुढे केलाय. सही करू?

तीन ओळी शोधा. पहिली: रोख किती आणि 'उत्पादनांच्या रूपात' किती. वीस हजारांची दोन पॅडल म्हणजे प्रायोजकत्व नव्हे, ती सवलत झाली. दुसरी: एकाधिकार. दुसऱ्या लीगमध्ये, दुसऱ्या देशात, प्रदर्शनी सामन्यात खेळायची मनाई आहे का? अमेरिकेतल्या करारांत हेच कलम सर्वांत जास्त टोचतं. तिसरी: रक्कम कमी करायचा किंवा करार मधेच संपवायचा अधिकार कोणाला. २०२३ चा किस्सा (प्रश्न ४) वाचून मग सही करा. आणि पॅडल मंजूर यादीत आहे ना, हेही बघा. २०२४ मध्ये एका बड्या कंपनीची नवी पॅडल मंजुरीतून काढली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ज्यांनी त्यावर सराव केला होता त्यांना रातोरात हत्यार बदलावं लागलं.

१६. माझं वय ३७. क्लबमध्ये टेनिस खेळतो, नोकरी आहे. मलाही काही मिळेल का?

मित्र मिळतील. ३५ आणि ५० वर्षांवरील गटांत चांगल्या स्पर्धा होतात, बक्षीस पेट्रोलपुरतं असतं. नोकरी सोडू नका.

१७. ठरवलंय, पिकलबॉलच खेळायचं. टेनिसच्या रॅकेटा विकून टाकू का?

चार असतील तर दोन विक. भाव पडायच्या आत विक, कारण सध्या सगळेच विकतायत. उरलेल्या दोघींना गटिंग करून ठेव. येत्या उन्हाळी शिबिरासाठी मला टेनिस शिकवणारी माणसं हवी आहेत, सकाळी साडेसहाला, आणि त्याचे पैसे मी महिन्याच्या पाच तारखेला देतो.